प्रकाशाला मोजून दिलेले बळ

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई आणि अंदमान-निकोबार यांना जोडणारी समुद्राखालची केबल सुरू झाली. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये. काम बीएसएनएलचे, उभारणी जपानच्या एनईसी कंपनीची. ही केबल चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्री विजयपुरमला जाते आणि तिथून स्वराजद्वीप, कार निकोबार, ग्रेट निकोबार अशा बेटांपर्यंत पोहोचते. तोवर ही बेटे उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवर दिवस काढत होती. उद्घाटनाच्या बातमीत केबल झळकली, पण तिच्यातून प्रकाश इतका लांब जातो कसा, याचा विचार फारसा झाला नाही. तो करण्यासारखा आहे.

प्रकाशतंतूची काच जगातल्या सर्वांत स्वच्छ काचांपैकी एक. तरीही १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तिच्यात किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे साडेचार टक्के घटतो. ५० किलोमीटरला तो एक दशांश उरतो. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर ढोबळमानाने १,४०० किलोमीटर धरले, तर अशी दशांश करण्याची पाळी अठ्ठावीस वेळा येते. एक मिलिवॉट प्रकाशात सेकंदाला सुमारे ७८ कोटी कोटी फोटॉन असतात. मधे काहीच मदत मिळाली नाही, तर पलीकडच्या टोकाला एक फोटॉन पोहोचायला सरासरी चाळीस हजार वर्षे लागतील!

एर्बियमची करामत

म्हणून वाटेत प्रकाशाला बळ द्यावे लागते. १९८८ मध्ये अटलांटिकखाली पहिली प्रकाशतंतूची केबल पडली, तेव्हा दर टप्प्यावर प्रकाशाची वीज करायची, संदेश नीट करायचा आणि पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगळी यंत्रणा लागे. या अडचणीवरचा उपाय त्याच्या थोडे आधी, १९८७ च्या सुमारास, दोन ठिकाणच्या संशोधनाने शोधला होता. एक इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातला डेव्हिड पेन यांचा गट, दुसरे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले इमॅन्युएल डेझरव्हिर. त्यांनी तंतूच्या गाभ्यात एर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळला.

एर्बियमच्या आयनांना ९८० नॅनोमीटरच्या पंप लेसरने ऊर्जा दिली की ते वर चढतात, लगेच एक पायरी उतरतात आणि तिथे सुमारे दहा मिलिसेकंद थांबतात. अणूंच्या हिशेबात हा फार मोठा मुक्काम. तेवढ्यात १,५५० च्या आसपासचा संदेशाचा फोटॉन आला, तर आयन आपली ऊर्जा सोडतो आणि हुबेहूब तसाच दुसरा फोटॉन निघतो. एकाचे दोन, दोनाचे चार. विजेत रूपांतर नाही, आणि कित्येक तरंगलांबी एकाच वेळी वाढतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून महासागरांखालच्या केबलींत हीच पद्धत आली.

खरी कसोटी तोलाची

टप्पा ७० किलोमीटरचा धरला, तर प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरने, म्हणजे प्रकाशाला बळ देणाऱ्या यंत्राने, प्रकाश पंचवीसपट करायचा. ऐकायला सोपे, पण आराखडा करणाऱ्याला चारही बाजूंनी तडजोडी असतात.

पहिली, तंतूच्या लांबीची. एर्बियमचा तंतू साधारण काही मीटर ते काही डझन मीटर असतो. आखूड ठेवला तर पंपाचा प्रकाश वाया जातो. लांब ठेवला तर शेवटच्या भागात पंप पोहोचत नाही आणि तिथले उपाशी आयन संदेशच शोषून घेतात.

दुसरी, गोंगाटाची. काही आयन संदेशाची वाट न बघता आपणहून प्रकाश सोडतात आणि तोही पुढे वाढत जातो. कीर्तनाच्या मंडपात आवाज वाढवला की बुवांच्या शब्दांबरोबर गर्दीची कुजबुजही मोठी होते, तसेच. मोठ्या वाढीचा आदर्श अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर निम्मे करतो. निसर्गाचा नियमच तसा आहे. ९८० चा पंप गोंगाट कमी ठेवतो, १,४८० चा पंप ताकद चांगली देतो. म्हणून अनेक रचनांत दोन टप्पे असतात: आधी शांत, मग बलवान.

तिसरी, सपाटीची. एर्बियम सगळ्या तरंगलांबींना सारखे बळ देत नाही. १,५३० च्या जवळ उंचवटा असतो. एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक डेसिबलचा फरक किरकोळ वाटेल, पण तसे वीस ओळीने लावले की फरक शंभरपटीचा होतो. म्हणून उंचवटा कापणारे फिल्टर काटेकोर बसवावे लागतात.

चौथी, शक्तीची. गोंगाटावर मात करायला प्रकाश भरपूर सोडावा, तर काचच बिथरते: तीव्र प्रकाशाने तिचा अपवर्तनांक बदलतो आणि तरंगलांबी एकमेकींत मिसळू लागतात. मधला एक बिंदू उत्तम असतो. लांब पल्ल्याच्या रचनेत काचेचा गोंधळ गोंगाटाच्या साधारण निम्मा असतो, तिथे तो सापडतो.

समुद्राखाली आणखी एक बंधन येते. तळाच्या अ‍ॅम्प्लिफायरना वीज किनाऱ्यावरून, केबलमधल्याच धातूच्या वाहकातून, काही हजार व्होल्टांनी पाठवावी लागते. एकदा तळाशी गेलेले यंत्र पंचवीस वर्षे चालावे, ही अपेक्षा असते. त्यामुळे तिथे वॉट-वॉटाचा हिशेब होतो आणि राखीव पंप आधीच बसवलेले असतात.

मद्रासचा विद्यार्थी

प्रकाशाला बळ देण्याची दुसरी रीत तर थेट चेन्नईच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाची आहे. चंद्रशेखर वेंकट रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. तिथून १९०४ मध्ये बी.ए. आणि १९०७ मध्ये एम.ए. झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जाहीर झालेल्या त्यांच्या ‘रामन परिणामा’वर आज रामन अ‍ॅम्प्लिफायर चालतात. यात एर्बियम लागत नाही. १,४५० नॅनोमीटरचा जोरदार पंप सोडला की केबलमधली साधी काचच १,५५० च्या संदेशाला बळ देते. पंप बहुधा पलीकडच्या टोकाकडून उलटा सोडतात. त्यामुळे संदेश फार क्षीण होण्याआधीच सावरतो आणि गोंगाट कमी राहतो.

ही विद्या आपल्यापासून दूर नाही. प्रकाशतंतू आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला ओढले जातात. एर्बियमच्या तंतूवर कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने काम केले आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये हा विषय शिकवला जातो आणि तिथल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटेल या ऑनलाइन मंचावर मोफत ऐकता येतात. तरीही अंदमानच्या केबलसाठी आपल्याला जपानी कंपनीकडे जावे लागले. ही उणीव भरून निघायला हवी आणि ती भरणारी माणसे आपल्याच महाविद्यालयांतून यायला हवीत. घरात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना सांगा: एर्बियमच्या आयनांची समीकरणे साध्या लॅपटॉपवर सुटतात, तंतूची लांबी आणि पंपाची शक्ती बदलून उत्तम बिंदू शोधता येतो. या सुट्टीत तेवढे तरी करून पाहा.