दहा बाय दहाचं परस

मंडईतून घरी आलं, की पिशवी ओट्यावर रिकामी करायची आणि मनाशी हिशेब मांडायचा, हा आपल्या सगळ्यांचाच रोजचा परिपाठ. मेथीची जुडी सोडावी, तर निम्म्या काड्याच. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी मान टाकते. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, असाच हिशेब मांडत असताना माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. आमच्या घराला लागून दोन गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतात. प्लॉटवर गाजरगवत माजलेलं. मनात आलं, एवढी जागा डोळ्यांसमोर पडलेली असताना आपण कोथिंबिरीला पैसे का मोजतो?

मी साताऱ्यातच वाढले, बी.ए. झाले, सकाळी अर्धा वेळ शाळेत मराठी शिकवते. माती माझ्या हाताला लागली ती फक्त तुळशीच्या कुंडीतली. पण उत्साह दांडगा! मालकांना फोन केला. ते म्हणाले, "खुशाल लावा. फक्त मोठी झाडं नकोत आणि पक्कं बांधकाम नको." ज्यांना दुसऱ्याच्या जागेत भाजी लावायची असेल, त्यांनी हे बोलणं आधीच करून घ्यावं. शेवगा, लिंबू लावून मोकळं व्हायचं आणि मग तोडायची वेळ आली की रडायचं, हे टळतं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "यंदा ऋषिपंचमीची भाजी घरची!" आमचे हे हसले. सासूबाई ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. हातानं खणलेल्या जागेतली भाजी त्या दिवशी हवी. सासूबाई वाईजवळच्या खेड्यातल्या. तिथे घरामागे त्यांचं परस होतं. मामंजी गेल्यावर ते घर बंद झालं आणि त्या आमच्याकडे आल्या. तेव्हापासून ऋषिपंचमीची भाजी आम्ही मंडईतूनच आणत होतो. ती कोणत्या रानातली, कशानं नांगरलेली, हे कोण विचारतं? त्या मुकाट्यानं खात.

पहिलं वर्ष : सगळं चुकलं ते

पहिली चूक हावेची. दोन गडी लावून मी अख्खा गुंठा खणून घेतला. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. कागदावर काही वाटत नाही, पण खुरपं घेऊन बसलं की कळतं! शेजारच्या बांधकामाचा राडारोडा तिथेच टाकलेला. विटांचे तुकडे, चुना, मुरूम. वरवर वेचला आणि पेरायला बसले.

दुसरी चूक खताची. शेजारच्या गोठ्यातून चार पाट्या ताजं शेण आणलं आणि तसंच मातीत मिसळलं. ताज्या शेणानं कोवळी मुळं पोळतात आणि वर हुमणीला आमंत्रण मिळतं, हे मला कुठे माहीत? खत कसं हवं, तर पुरतं कुजलेलं, काळं, भुसभुशीत, वास न येणारं.

तिसरी चूक घाईची. मृगाचा पाऊस पडला आणि मी एका रविवारी सगळं पेरलं. मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, टोमॅटो, दोडका, भोपळा. वाफे सपाट केलेले. जुलैच्या झडीत त्यांची तळी झाली. मेथी उगवली आणि तिथेच सडली. कोथिंबीर उगवलीच नाही. भेंडीची पानं पिवळी पडली, शिरा आधी पिवळ्या आणि मग सगळं पान. भोपळ्याला फुलं आली आणि गळून गेली. हरळी आणि लव्हाळा मात्र असा तरारला, की आत पाऊल ठेवायची भीती वाटावी.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी पिशवी घेऊन मंडईत गेले. पंचमीला भाजी झाली. सासूबाईंनी पान वाढून घेताना एवढंच म्हटलं, "मला अळूचं फदफदं तेवढं वाढ."

अळू बाजारचा नव्हता. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे अळवाची चार हिरवीगार रोपं उभी होती. मी रोज त्यांच्यावरून उडी मारून प्लॉटवर जात होते. ती कुणी लावली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, तुम्हाला सगळं दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? पुस्तक वाचून करत होतीस. म्हटलं, शिकलेली आहे, येत असेल."

मैत्रिणींनो, त्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं. तीन वर्षं त्या आमच्या घरात दुपारभर खिडकीशी बसून होत्या. त्यांना करमत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि त्यांना जे येतं ते एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरं वर्ष : आईंची शाळा

"आधी गुंठा विसर," त्या म्हणाल्या. "दहा फूट लांब, दहा फूट रुंद. तेवढं तुझ्यानं झालं तर पुढचं."

दिवाळीनंतर कामाला लागलो. जागा निवडली ती दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशी. एक हात खोल खणून दगड-विटा वेचल्या, हरळीच्या काशा मुळासकट काढल्या. कोपऱ्यात खड्डा करून त्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा आणि वर वाळका पाला, असे थर घालत गेलो. अधूनमधून पाण्याचा हबका आणि शेणाचा काला. तीन-चार महिन्यांत खाली काळं सोनं तयार! मेमध्ये ते आणि जुनं शेणखत मातीत मिसळलं.

मग वाफे. पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा, म्हणजे पाणी निथळून जातं. यालाच गादीवाफा म्हणतात. रुंदी तीन-साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधपर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तुडवलेल्या मातीत मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात याच्या उलट सपाट वाफा, कडेनं बांध, म्हणजे पाणी धरून राहतं.

आता माझ्या चुकांची उत्तरं. कोथिंबीर का उगवली नाही? मी धने अख्खे पेरले होते. ते चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्या, रात्रभर भिजवावे, मग पेरावे. तरी आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. मेथीला मात्र चार-पाच दिवस पुरतात आणि महिन्याभरात ती काढता येते. पण तिची खरी वेळ ऑक्टोबरपासूनची थंडी. पालक, मुळा, कोथिंबीर, लसूण हेसुद्धा थंडीतच लावावं. पावसाळा भेंडी, गवार, दोडका, पडवळ, काकडी, भोपळा यांचा.

भेंडीचा रोग म्हणजे केवडा. पांढरी माशी तो पसरवते. रोगट झाड उपटून जाळावं, जीव लावू नये. आणि वाणच सोशिक घ्यावा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी मी दुसऱ्या वर्षी लावली. दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी सुरू झाली. एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. ही सुधारित जात आहे, त्यामुळे चार शेंगा झाडावर वाळवून पुढच्या वर्षाचं बी धरता येतं. संकरित बियाण्याचं तसं नाही. त्याचं घरी धरलेलं बी आईबापासारखं निघेलच, असं नसतं.

आणि भोपळ्याची गळलेली फुलं? आई हसायलाच लागल्या. "अगं, ती नराची फुलं. ती आधी येतात आणि गळणारच." मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो, तो त्यांनी मला दाखवला. सकाळी लवकर, माश्या-भुंगे फारसे दिसत नसले तर नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचा दांडा मादीच्या फुलात हळूच फिरवायचा. मी बी.ए. झाले, पण ही सोयरीक मला कुणी शिकवली नव्हती!

मावा पडला तर सकाळच्या दवावर चुलीची राख. आता घरात चूल नाही, म्हणून निंबोळीचा अर्क करतो. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चमचाभर साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनंही फवारायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पाण्याची टंचाई असेल तर तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवावं. साबणाच्या भांड्यांचं पाणी मात्र पालेभाजीला नको.

वेळ किती जातो, असं शेजारणी विचारतात. रोज अर्धा तास. शाळेतून आल्यावर मी खुरपते, आई बांधावर पाट टाकून बसतात आणि सूचना देतात. कधी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतात. हे रविवारी मांडव बांधतात आणि दोडका आपणच पिकवला, असं सांगत सुटतात!

यंदाची पंचमी

मंडईचा खर्च संपला असं मी म्हणणार नाही. कांदे-बटाटे आणतेच. पण कोथिंबीर, मिरची, आठवड्यातून तीनदा पालेभाजी हे घरचं.

यंदाच्या ऋषिपंचमीला मी पहाटे टोपली घेऊन उतरले. आई आधीच तिथे होत्या. लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, मक्याची दोन कणसं, कोवळा भोपळा आणि मोरीजवळचा अळू. सगळं हातानं खणलेल्या मातीतलं. भाजी त्यांनीच केली, मला शेगडीजवळ येऊ दिलं नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालं." मीठ बरोबर होतं. त्यांचे डोळे भरले होते.

मागच्या आठवड्यात मालकांचा फोन आला. पुढच्या वर्षी त्यांना बांधकाम काढायचंय. जागा त्यांची, आपण काय बोलणार? माझं तोंड उतरलं. आई म्हणाल्या, "त्यांना विचार आणि वरची माती पोत्यांत भरून घे. जागा त्यांची, माती आपण केली." मालकांनी लगेच होकार दिला. आता गच्चीवर पोती कुठे ठेवायची, वजन कुठल्या भिंतीवर पेलेल, याची चर्चा चालू आहे.

तुमच्याकडे गुंठा नसेल, तीन फूट बाय तीन फूट तरी असेल. थंडी पडू लागली, की मूठभर मेथी टाकून पाहा. आणि त्याआधी घरातल्या, शेजारच्या एखाद्या आजीला विचारा, "तुमच्या परसात काय काय होतं हो?" निम्मं काम तिथेच होतं.