शहाण्या वस्तू

घागरीचा गळा अरुंद का असतो? पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून. शिवाय घागर गळ्याशी धरून उचलता येते. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. का बरे? कडेला धरून फिरवले की जोर कमी लागतो. हे कुणीतरी विचार करून ठरवले. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याचा विचार आपल्या रोज कामी येतो. यालाच आम्ही वस्तूची घडण म्हणतो.

शहरातही अशी घडण जागोजाग असते. गावचा माणूस मुंबईत उतरतो आणि उंच इमारतींकडे बघत राहतो. गर्दीला बिचकतो. पण मुंबईचे शहाणपण साध्या वस्तूंतही आहे. ते ओळखता आले, की बिचकणे कमी होते.

रस्त्यावरची लोखंडी झाकणे बघा. त्यांच्या खाली गटार असते. यातली पुष्कळ झाकणे गोल असतात. चौकोनाची बाजू लहान असते, पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोठे असते. म्हणून चौकोनी झाकण उभे करून तिरपे धरले, तर ते भोकातून आत पडू शकते. गोल झाकणाची रुंदी कुठूनही मोजा, सारखीच. ते आत पडतच नाही. खाली काम करणाऱ्या माणसाचा जीव वाचतो. वर ते जड झाकण गडगडत बाजूला नेता येते ते वेगळेच!

आता चौकातला सिग्नल बघा. तांबडा दिवा वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. हा क्रम उगीच नाही. काही माणसांना तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. अशा माणसाला जागेवरून कळते. वरचा दिवा लागला, की थांबायचे.

मुंबईचे डबेवाले तर तुम्हाला ऐकून माहीत असतील. हे काम १८९० च्या सुमारास सुरू झाले. मावळ, खेड, जुन्नर या भागांतली पुष्कळ माणसे त्यात आहेत. घरून निघालेला डबा कचेरीत पोचेपर्यंत अनेकांच्या हातांतून जातो. त्यावर लांबलचक पत्ता नसतो. झाकणावर रंग, आकडे आणि एखाददुसरे अक्षर असते. डबा कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सारे त्यातून कळते. ज्यांचे शिक्षण थोडे, त्यांनाही ही खूण झटकन वाचता येते. घाईच्या वेळीही चूक क्वचितच होते. गरजेतून निघालेली घडण ती अशी.

शेवटी पायाखालच्या पिवळ्या फरशीकडे या. स्टेशनात आणि काही पदपथांवर ती दिसते. काही फरशांवर उंच रेघा असतात, काहींवर उंच ठिपके. ही शोभा नव्हे. अंध माणूस ती पायाने आणि काठीने वाचतो. रेघा म्हणजे सरळ चला. ठिपके म्हणजे सावध, पुढे धोका किंवा वळण आहे. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी शोधली. १९६७ साली ती तिथल्या ओकायामा शहरात प्रथम बसवली गेली. आज ती जगभर आहे.

पण याच फरशीवर कुणी स्कूटर उभी करतो, कुणी टोपली मांडतो. कुठे कुठे तर ती सरळ खांबाकडे नेते. बसवणाऱ्याने विचार केला नाही, की तीच फरशी अंधाला फसवते. म्हणजे नुसती वस्तू असून भागत नाही. ती नीट बसवावी लागते, आणि तिची वाट मोकळी ठेवावी लागते.

तुमच्या गावातही नवी कामे होतात. शाळेत नळ बसतो, दवाखान्याला पायऱ्या होतात. तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. नळाला लहान मुलाचा हात पोचेल का? या पायऱ्या म्हातारीला चढवतील का? काम चालू असतानाच विचारा. सिमेंट वाळल्यावर विचारून काय उपयोग?