मालदांडीची भाकरी : अल्प खर्चात सकस आहार

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून 'एम ३५-१' हे रब्बी ज्वारीचे वाण निवडण्यात आले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. मात्र त्यांत लायसिन या घटकाची उणीव असते. ती डाळी भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर वरण अथवा पिठले असावे. शेंगदाण्याची चटणी उष्मांक व प्रथिने वाढविते. पालेभाजीतील लोह अंगी लागण्यासाठी वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा टाळावा. गर्भवती व बालके यांना रक्तक्षयापासून जपण्यासाठी हे विशेष अगत्याचे आहे. महागड्या शक्तिवर्धकांपेक्षा परसातील शेवगा व लिंबू कुटुंबाला अधिक परवडतात. ग्रामपंचायती व शिक्षक यांनी ही माहिती घरोघर पोहोचविणे इष्ट ठरेल.