मुलीच्या अंगी लोह लागू द्या



चुनखडीच्या रानात भुईमूग पिवळा पडतो, तेव्हा जमिनीत लोह असूनही पिकाला ते लागू होत नाही, हे आपण जाणता. वयात येणाऱ्या मुलींचेही असेच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. परळ-लालबागला राहणारी आपली पुतणी वडापाववर दिवस काढते, गावातली लेक चटणी-भाकरीवर. धोका दोघींनाही आहे. आज धाप लागते, अभ्यासात मन लागत नाही. पुढे बाळंतपणात जिवावर बेतते.

हे समजावून सांगायला आता घरातला मोबाईल उपयोगी पडतो. मुंबईच्या आयआयटीने पोषणावरचे धडे मराठीतही तयार केले असून ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. रात्री मुला-मुलींसोबत बसून एकेक धडा पाहा आणि दुसऱ्या दिवशी तो ताटात उतरवा.

बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाजी, अळीव आलटून पालटून द्या. वर लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा द्या. त्याने लोह अंगी लागते. चहा मात्र चुनखडीसारखे काम करतो, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर तो नको. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवणानंतरच घ्यावी. शौचास काळे झाले तर घाबरू नये. जंताची गोळीही वर्षातून दोनदा चुकवू नये.

मुलगी फिकट दिसली, लवकर थकली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्या. आणि लेकीला सर्वांच्या शेवटी नव्हे, सर्वांबरोबर जेवायला वाढा.