विश्लेषण : महागडे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर पश्चात्ताप का होतो? नावातील आणि आकड्यांतील फसगत कशी ओळखावी?

साधारण ३२ हजार रुपयांचे ग्राफिक्स कार्ड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबासाठी किती रक्कम? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे सहा क्विंटल सोयाबीन. बाजार समितीत दर कमी मिळाला तर त्याहून जास्त. शेगाव, चिखलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी असोत की खामगाव, मलकापूरचे हौशी गेमर, एवढ्या रकमेची चूक एकदाच परवडते. गेल्या दोन दशकांत जगभरातील गेमरना कोणत्या कार्डांनी पस्तावायला लावले, हे पाहिले तर बहुतेक चुका पुन्हा पुन्हा त्याच झालेल्या दिसतात.

ग्राफिक्स कार्डचे काम काय?

पडद्यावरील प्रत्येक चित्र तयार करण्यासाठी लागणारी हजारो गणिते एकाच वेळी सोडवणारी चिप म्हणजे जीपीयू. तिला लागणारी माहिती जवळ ठेवणारी वेगळी मेमरी म्हणजे व्हीरॅम. या दोन्ही आणि त्यांना थंड ठेवणारे पंखे एका पट्टीवर बसवले की ग्राफिक्स कार्ड होते. चिप प्रामुख्याने एनव्हिडिया, एएमडी आणि अलीकडे इंटेल या कंपन्यांची असते. कार्ड मात्र आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅकसारख्या कंपन्या तयार करतात आणि वॉरंटीही बहुधा त्यांचीच असते.

नावामुळे फसगत कशी होते?

सर्वात जुना सापळा हाच. २००२ मध्ये आलेल्या ‘जीफोर्स ४ एमएक्स’च्या नावात ४ होता, पण आतील तंत्र मुख्यतः ‘जीफोर्स २’चे होते. आधीच्या ‘जीफोर्स ३’मध्ये असलेली प्रोग्रॅमेबल शेडरची सोय त्यात नव्हती. त्यामुळे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’सारखा गेम त्यावर थेट चालत नसे.

नंतरही हेच घडले. २०१६ मध्ये ‘जीटीएक्स १०६०’ तीन जीबी आणि सहा जीबी अशा दोन प्रकारांत आले. फरक फक्त मेमरीचा वाटे. प्रत्यक्षात सहा जीबीच्या कार्डात १,२८० कोअर आणि तीन जीबीच्या कार्डात १,१५२. ‘जीटी १०३०’ची डीडीआर-४ आवृत्ती २०१८ मध्ये आली, तेव्हा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ जीबीवर आला, नाव तेच राहिले. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ हे कार्ड ‘५८०’ म्हणून विकले जाते, पण त्यातील कोअरची संख्या ‘आरएक्स ५७०’एवढीच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने १२ जीबीचे ‘आरटीएक्स ४०८०’ टीकेनंतर बाजारात येण्याआधीच मागे घेतले. १६ जीबीच्या ‘४०८०’पेक्षा त्याची चिपही वेगळी आणि कमी ताकदीची होती.

मेमरी जास्त म्हणजे कार्ड चांगले?

नेहमीच नाही. ‘चार जीबीचे कार्ड’ म्हणून ‘जीटी ७३०’ घेणाऱ्यांना हा धडा मिळाला. चिपच संथ असेल तर चार जीबी मेमरी रिकामी पडून राहते. अरुंद रस्त्याच्या कडेला मोठे गोदाम बांधण्यासारखाच हा प्रकार.

उलट चुकाही तितक्याच झाल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेले ‘जीटीएक्स ९७०’ चार जीबीचे म्हणून खपले. त्यातील साडेतीन जीबीच पूर्ण वेगाने आणि उरलेली अर्धा जीबी फार संथ चालते, हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत दावा झाला आणि तडजोडीत प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले. २०२० मधील ‘आरटीएक्स ३०७०’ची चिप दमदार होती, पण मेमरी आठ जीबी. २०२३ मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’, ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ आले तेव्हा उच्च टेक्श्चरवर आठ जीबी अपुरी पडू लागली. चिपची ताकद शिल्लक असताना मेमरीमुळे कार्ड अडले.

याउलट मार्च २०१७ मध्ये ११ जीबी मेमरीसह आलेले ‘जीटीएक्स १०८० टीआय’ अनेकांनी सहा-सात वर्षे वापरले. महाग असूनही त्याबद्दल हळहळणारे कमीच.

कार्ड नवे, संगणक जुना. मग काय बिघडते?

जानेवारी २०२२ मध्ये आलेले ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ स्वस्त म्हणून जुन्या संगणकांसाठी घेतले गेले. त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या फक्त चार मार्गिका आहेत. पीसीआयई ४.० असलेल्या नव्या मदरबोर्डवर ते चालून जाते, पण जुन्या ३.० वर त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ते स्वस्त होते, त्यांनाच ते नडले. त्यात व्हिडीओ एन्कोडरही नसल्याने गेम रेकॉर्ड करणाऱ्यांची वेगळी पंचाईत झाली.

दुसरी अडचण एसएमपीएसची. ‘आरटीएक्स ४०६०’ ११५ वॉटचे आहे, तर ‘आरटीएक्स ३०८०’ ३२० वॉटचे. असेंबल केलेल्या संगणकातील साध्या एसएमपीएसवर दुसरे कार्ड लावले तर गेम सुरू होताच संगणक बंद पडू शकतो. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉट असते, हेही विसरले जाते. तिसरी गोष्ट मॉनिटरची. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने १४० तयार केली तरी डोळ्यांना दिसणार ६०च.

टंचाईच्या काळात काय झाले?

सप्टेंबर २०२० मध्ये ‘आरटीएक्स ३०८०’ची भारतातील किंमत ७१ हजार रुपये जाहीर झाली. करोनाकाळातील मागणी, चिपटंचाई आणि इथेरियमच्या मायनिंगमुळे त्या किमतीत कार्ड मिळणे दुरापास्त झाले. अनेकांनी अव्वाच्या सव्वा रक्कम मोजली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डवरील त्याचे मायनिंग थांबले आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. टंचाईत खरेदी केलेल्यांच्या कार्डाची किंमत पाहता पाहता घसरली.

घाई उलट दिशेनेही महागात पडली. ‘३०७०’ स्वस्तात ‘आरटीएक्स २०८० टीआय’ची बरोबरी करणार, असे जाहीर होताच काहींनी आपली ‘२०८० टीआय’ कार्डे पडत्या भावात विकली. नवे कार्ड मिळेना आणि जुने हातचे गेले. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव चढले आहेत. त्यामुळे ‘घ्यावे की थांबावे’ हा प्रश्न पुन्हा उभा आहे.

जुने कार्ड घेताना कोणता धोका?

मायनिंगसाठी वापरलेले प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असू शकते. मोठा धोका बनावट कार्डांचा आहे. जुन्या चिपचे बायोस बदलून ती नव्या नावाने विकली जातात. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी अनेक कार्डे ओळखून तसा इशारा देते.

ड्रायव्हरचाही विचार हवा. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर ‘जीटीएक्स ९००’ आणि ‘१०००’ मालिकांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणे थांबवले. यापुढे फक्त सुरक्षा अपडेट. ‘जीटीएक्स १६५०’ नंतरच्या पिढीचे असल्याने त्यात येत नाही. त्यामुळे आज ‘जीटीएक्स १०६०’ घेताना किंमत त्याच हिशेबाने ठरवायला हवी.

लॅपटॉप आणि उन्हाळ्याचे काय?

लॅपटॉपमध्ये नाव आणखी फसवे ठरते. लॅपटॉपमधील ‘आरटीएक्स ४०६०’ ३५ ते ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर चालवता येते. ती मर्यादा लॅपटॉप तयार करणारी कंपनी ठरवते. म्हणून एकाच नावाच्या दोन लॅपटॉपचा वेग वेगळा असू शकतो. खरेदीआधी तपशिलात ‘टीजीपी’चा आकडा पाहावा.

जिल्ह्याच्या घाटाखालील तालुक्यांत मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असेल तर कार्डही तेवढेच जास्त तापते, मर्यादेजवळ पोहोचले की स्वतःचा वेग कमी करते आणि पंख्यांचा आवाज वाढतो. एकाच पंख्याचे स्वस्त कार्ड आणि हवा न खेळणारे कॅबिनेट ही जोडी इथे टाळलेली बरी.

वस्तू सदोष निघाली तर दाद कुठे मागता येते?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा वा दिल्लीचा असला तरी बुलढाण्याच्या ग्राहकाला बुलढाण्यात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. मात्र पक्के जीएसटी बिल, त्यावर कार्डाचे पूर्ण नाव आणि सिरीयल क्रमांक हवा. बिलावरचे १८ टक्के वाचवण्याच्या नादात हा आधारच जातो. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या कार्डाबाबत अशी दाद मिळणे कठीण.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- मॉनिटर कोणता? १०८०पी, ६० हर्ट्झ असेल तर कार्डाआधी त्याचा विचार.
- एसएमपीएस किती वॉटचा आणि त्याला कार्डासाठीची जोडणी आहे का?
- मदरबोर्ड पीसीआयई ३.० आहे की ४.०?
- कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार आणि कोअरची संख्या कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलाशी जुळते का?
- ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ किंवा ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ असेल तर आठ जीबीचे की १६ जीबीचे? चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा.
- कुरियरने आलेला खोका उघडतानाचा सलग व्हिडीओ काढला का?

आणि शेवटचा प्रश्न, आज खेळले जाणारे गेम कोणते? ‘व्हॅलोरंट’ वा ‘काउंटर-स्ट्राइक २’साठी लागणारे कार्ड आणि नव्या भव्य गेमसाठी लागणारे कार्ड यांच्या किमतीत काही क्विंटल सोयाबीनचा फरक आहे.