कीर्तन रंगते तेव्हा मन का हेलावते?

बुलढाणा जिल्ह्यातील धाडच्या परिसरात, जेथे वारकरी परंपरा खोल रुजलेली आहे, हरिनाम सप्ताहातील कीर्तन हे प्रत्यक्ष संगीत ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक का भिडते याचे बोलके उदाहरण होय. कीर्तनकाराची नजर श्रोत्यांवर असते आणि मृदंगवादकाची कीर्तनकारावर. त्यामुळे सभा रंगली की एकच चरण पुन्हा पुन्हा आळवला जातो, मृदंग दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत जातो आणि मागे उभे टाळकरी पावली, म्हणजे तालावर टाकायची पावले, धरतात.

श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार सादरीकरण बदलण्याचा परिणाम प्रयोगातही दिसला आहे. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पियानोवादकांना श्रोत्यांच्या मेंदूतील अमिग्डला, म्हणजे भावनांशी निगडित बदामाच्या आकाराचा भाग, किती सक्रिय आहे हे वादन चालू असतानाच दाखवले गेले, त्यानुसार ते वादन बदलत गेले आणि ध्वनिमुद्रित संगीतापेक्षा ही सक्रियता अधिक आढळली. कसलेल्या कीर्तनकाराला श्रोत्यांची भावस्थिती समोरच्या चेहऱ्यांवरूनच उमगते, आणि हे या परंपरेचे मोठे सामर्थ्य मानावे लागेल. शिवाय येथील श्रोता धृपद, म्हणजे अभंगाची परतून येणारी ओळ, स्वतः गातो, आणि ओळ सर्वांची एकाच ठिकाणी संपत असल्याने श्वासही सर्वजण एकाच वेळी घेतात.