युद्धात जन्मलेली वर्तमानपत्रं आणि आपला विश्वास

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. युद्धात कागद महागतो, सरकार बातम्यांवर पहारा बसवतं. मग नेमकी त्याच काळात नवी वर्तमानपत्रं का निघतात?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. अच्युत बळवंत कोल्हटकरांनी मुंबईत 'संदेश' हे दैनिक १९१५ साली सुरू केलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या आधीची गोष्ट तर आपल्या नाशिकची आहे. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस कायदा आला. छापखाना काढायचा तर ५०० ते २००० रुपये जामीन मागता येई, आणि आक्षेपार्ह काही छापलं की तो जप्त. १९१५ मध्ये त्यात भारत संरक्षण कायद्याची भर पडली. खुद्द अच्युतराव राजद्रोहाखाली शिक्षा भोगून आलेले. तरीही त्यांनी पत्र काढलं, आणि ते तुफान खपलं. ठसठशीत मथळे, चुरचुरीत भाषा, 'वत्सलावहिनींची पत्रे'. लोक वाट बघायचे.

ही वाट बघणं नुसत्या करमणुकीचं नव्हतं हो. मेसोपोटेमियात पुणे डिव्हिजन लढत होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने ती कुतला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. आता साताऱ्या-रत्नागिरीकडच्या एखाद्या घराचा विचार करा. मुलगा गेलाय, पत्र नाही. त्या घराला अग्रलेख नको असतो. 'आमचा माणूस आहे का?' एवढंच हवं असतं. माझ्या मते युद्धातली वर्तमानपत्रं या भुकेतून जन्मतात.

पण इथेच अडचण आहे. आपल्या न्यायदर्शनात 'शब्द' हे प्रमाण मानलंय, मात्र तो शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे! वात्स्यायनाच्या विवेचनानुसार त्याच्या दोन अटी: त्याला गोष्ट नीट ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची इच्छा हवी. मग तो ऋषी असो की म्लेच्छ, फरक पडत नाही. युद्धात काय होतं, तर या दोन अटींची फाटाफूट होते. सरकारला ठाऊक असतं, पण सांगायचं नसतं. संपादकाला सांगायचं असतं, पण त्याच्या हाती येते ती सेन्सॉरमधून गाळून आलेली तार.

दुसऱ्या महायुद्धात हे आणखी उघड दिसलं. १९४२ साली कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली आणि पक्षाचं 'लोकयुद्ध' मराठीत निघालं, नावातच भूमिका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींचं 'हरिजन' बंद पडलं आणि गावोगाव चोरून पत्रकं छापली जाऊ लागली. एकच वर्ष, एकाला परवानगी, दुसऱ्याला बंदी. तिकडे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये 'कोंबा' हे पत्र गुप्तपणे निघत होतं, तर अमेरिकन सैन्याचं 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' उघडपणे. परवानगी होती म्हणून खोटं, किंवा चोरून छापलं म्हणून खरं, असं म्हणता येत नाही. दोन्ही प्रश्न दोघांनाही विचारावे लागतात.

आणि आता? आता छापखाना आपल्या खिशातच आहे. सीमेवर काही झालं की पाच मिनिटांत 'आतली बातमी' फोनवर येते, आणि आपण पुढे ढकलतो. ना जामीन, ना जबाबदारी. ढकलण्यापूर्वी एवढंच विचारा: याला हे कसं कळलं? आणि हा मला का सांगतोय? उत्तर मिळालं नाही तर थांबा. कारण त्याच वेळी कुठल्या तरी घरात कोणीतरी फोन हातात धरून आपल्या माणसाची वाट बघत असतं. त्या घरापर्यंत खोटी बातमी आपल्या हातून जाऊ नये.